गुरवाला कोण उठवणार?

एका गावात नळावर एक गोष्ट अर्धीच सांगितली गेली. "केरबा गुरवाची परदेशी सून पहाटे म्हाताऱ्याच्या पायाशी बसून मंतर घालते, म्हणून तर तो…" एवढ्यात बोलणारीची घागर भरली नि ती निघून गेली. केरबाच्या शेजारच्या बायजाक्काच्या पोटात ते अर्धं वाक्य दिवसभर डचमळत राहिलं.

केरबा रोज पहाटे भूपाळी म्हणून देवाला उठवायचा. पण बायको रखमा गेली आणि त्यानं भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरलं. गावकरी दारात ओरडायचे, "केरबा, ऊठ! देव पारोसा राहिलाय!" तो हलायचा नाही. ताटातली भाकरी वाळून जायची. आता पूजा दुसऱ्याकडे द्यायची आणि मंतराच्या संशयावरून सुनेला माहेरी धाडायचं, असं पंचांचं ठरत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बायजाक्का वाटी घेऊन विरजण मागायला गेली. विरजण घरात होतंच म्हणा!

सून मिलित्सा सर्बियाची, जुन्या शब्दांची अभ्यासक; केरबाचा मुलगा नोकरीसाठी शहरात असायचा. सासऱ्याच्या पायांवर हात ठेवून ती हळूच म्हणत होती, "प्रोबुदी से, ताता."

"काय गं पोरी, कसला हा मंतर?"

"मंतर नाही, आक्का. बाबा, जागे व्हा, एवढंच." ती हसली. "शब्द मात्र फार जुना. आमच्या, रशियाच्या, पोलंडच्या भाषांची एक आजी होती. तिचं बोलणं कुणी लिहून ठेवलं नाही. नातवंडांचे चेहरे बघून आजीचं नाक ओळखावं, तसा अभ्यासकांनी तिचा शब्द जुळवला. बुदिती, म्हणजे जागं करणं. आणखी मागं गेलं की तुमचा 'बोध' भेटतो. त्या मुळाशी जागं होणं आणि ध्यानात येणं एकच."

"मग गदागदा हलव की! पुटपुटून काय होतंय?"

"हलवलं तर अंग उठेल, आक्का. आपण कुणाला तरी हवे आहोत, हे त्यांच्या ध्यानात कसं येणार?"

भिंतीकडून घोगरा आवाज आला. "बायजे, देवाला मी उठवायचो. मला रखमा उठवायची. ती गेल्यावर तुम्ही सगळे देवासाठीच हाका मारत आलात. ही पोर तेवढी मला हाक मारते."

बायजाक्कानं वाटी खाली ठेवली. ती उंबऱ्यावरच टेकली. "केरबाभाऊ, देव उठेल सावकाश. तू ऊठ. मी चहा टाकते."

केरबा उठून बसला. त्या दिवशी तो देवळात गेला नाही, अंगणात बसून चहा प्याला. भूपाळी पुढं चार दिवसांनी ऐकू आली, तीही बसक्या आवाजात. पण आली. पंचांनी मग पूजेचा नि सुनेचा विषय सोडून दिला.

नळावर बायकांनी बायजाक्काला गाठलं. "मंतरच होता ना?"

"मंतर कसला, डोंबल! पण उठला तो तिच्या शब्दानंच, एवढं मात्र खरं."

तात्पर्य: खचलेल्या माणसाला त्याच्या कामासाठी नव्हे, त्याच्यासाठी हाक मारावी, मग तो उठतो आणि त्याचं कामही सुरू होतं.