मानाचा पाट

एका टेकडीवर एकदा एका शेठजींनी देऊळ बांधले. कळस चढला त्या दिवशी गावजेवण होते. मानाच्या पाटावर भूशास्त्र जाणणारे एक वृद्ध आचार्य बसले होते, शेजारी शेठजी. आचार्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय पंगत जेवणार नव्हती. तशी रीतच होती.

तेवढ्यात दाराशी गलका झाला. यल्लव्वा पाथरवटीण आत येऊ पाहत होती. याच देवळाचा पाया खणताना तिचा नवरा दरडीखाली सापडून गेला होता. पंगतीची व्यवस्था आचार्यांच्या शिष्याकडे होती. तो म्हणाला, "मावशी, थांबा. तुमची माणसं मागच्या पंगतीला."

"माजा धनी पायाच्या खड्ड्यात गाडला गेला, अन् मी मागं जेवू?"

"शुभकार्यात कटकट नको," शेठजी करवादले.

शुभकार्य म्हणे! जिचं कुंकू त्या खड्ड्यात पुसलं गेलं तिला दारात ताटकळत ठेवायचं, आणि वर देवाला पंचपक्वान्नांचा नैवेद्य! देवाच्या तरी घशाखाली उतरेल का तो?

आचार्य ताडकन उठले. "शेठजी, उठा. तुमचा पाट द्या."

त्यांनी आपला आणि शेठजींचा पाट अंगणातल्या हौदाच्या पाण्यावर एकावर एक तरंगत ठेवले आणि वर शेठजींचा मानाचा विडा ठेवला. इकडे भात निवत चालला. म्हातारबुवांना झालं तरी काय, म्हणून लोक माना उंचावून पाहू लागले.

"खालचा पाट दिसतो का रे?" त्यांनी शिष्याला विचारले.

"नाही. तो पाण्यात आहे."

"मग काढून टाक. न दिसणाऱ्याचं काय काम?"

शिष्याने खालचा पाट ओढून काढला. वरचा पाट खाली बसला, त्यावर पाणी चढले आणि विडा चिंब भिजला.

आचार्यांचा आवाज संतापाने कापत होता. "आपल्या पायाखालची जमीन अशीच आहे. तिचा हलक्या खडकाचा थर खालच्या जड, तापलेल्या खडकावर तरंगतो. पर्वत जितका उंच, तितकं त्याचं मूळ खोल. ते कुणाला दिसत नाही, पण शिखराला तेच उचलून धरतं. इतकी वर्षं तुला हेच शिकवलं, आणि तू त्या मुळालाच दाराबाहेर ठेवलंस? लाज वाटते मला, तुझ्या विद्येची आणि माझ्याही!"

शिष्य दाराशी गेला, यल्लव्वाच्या पाया पडला आणि तिला आत घेऊन आला. पाट दोन्ही ओले होते. आचार्य, शेठजी आणि ती जमिनीवरच बसले.

"बाई, त्यांचं नाव काय?" आचार्यांनी विचारले. पंगतीत कुणालाच ते ठाऊक नव्हते.

नवऱ्याचे नाव घ्यायची तिला सवय नव्हती. ती घुटमळली, मग मोठ्याने म्हणाली, "मलाप्पा."

"मलाप्पाच्या नावानं," असे म्हणून आचार्यांनी पहिला घास घेतला. मग पंगत जेवली.

कळसाला हात जोडण्याआधी एकदा खाली पाहावे.