पाग टाकणारा

"पण आबा, माझ्या गणितात चूक नाही. मग हा पडतो का?"

वसुधानं मेणाचा नमुना चौथ्यांदा उचलला. हातभर उंचीचा कोळी, एका पायावर झुकून पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकणारा.

इंजिनिअर होऊन ती शिल्पकार भिवाजी पांचाळांकडे, म्हणजे आबांकडे, शिकायला आली होती. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "तुम्ही अंदाजानं करता, मी मोजून करीन."

हे तिचं पहिलं स्वतंत्र काम, कोळ्याचा मोठा पुतळा. उद्या बंदरावरची मंडळी नमुना बघायला येणार होती. त्यांची अट एकच: आमचा माणूस कशाला टेकलेला नको. नाहीतर काम दुसऱ्याला.

"पुतळ्याला मागून सळई लावते, आबा. आणूनच ठेवलीय. कुणाला कळणार नाही."

आबा लंगडत भिंतीपाशी गेले. खुंटीवरचा पाग काढून बादलीत बुडवला आणि ते ओलं, जड जाळं तिच्या हातात दिलं.

"फेक."

तिनं अंगणात फेकला. जाळ्यामागोमाग तीही तोंडघशी पडली.

"पडलीस की गं! गणित चुकलं?"

"चेष्टा नको, आबा."

"परत."

...

सातव्यांदा जाळं हवेत गोल उघडलं. वसुधा एका पायावर उभी होती.

"हलू नकोस!"

आबांनी तिच्या पोटापाशी ओळंबा धरला. दोरीखालचं शिसं बरोबर तिच्या पावलावर येऊन थांबलं.

"कंबर कुठे गेली?"

"मागे... आपोआप."

"आणि तुझ्या कोळ्याची?"

...

ती धावतच आत गेली. कोळी तिनं कागदावर ताठ कंबरेचा मांडला होता, फोटोला उभा राहिल्यासारखा. कागदावर सगळं पुन्हा मोजलं, उत्तर आलं दोन बोटं. मेण ऊन केलं, कंबर दोन बोटं मागे सारली, हात काढून घेतला.

कोळी उभा राहिला.

तिनं टेबलावर बुक्की मारली. तरी उभा.

"आबा! कागदावर आलं तेवढंच! अगदी तेवढंच!"

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या कोळ्यानं नमुन्याभोवती वाकून फेरी मारली. मग मांडीवर थाप मारली.

"हा काय पडायचा नाय! आमच्यातलाच हाय."

मंडळी हसत, बोलत काम पक्कं करून गेली. वसुधानं कोपऱ्यातली सळई उचलली.

"दुकानात परत देऊन येते, आबा. आता कुणाला हवीय?"

आबांनी हात पुढे केला.

"आण इकडे. मला लागेल टेकायला."