कासवाचा पावटा आणि पांढरे पिल्लू

मुलांनो, एका जंगलाच्या कडेला, झऱ्यापाशी, एक म्हातारे कासव राहत असे. त्याला एक विचित्र नाद होता. जांभळ्या फुलांच्या पावट्याचे पराग ते पिसाने पांढऱ्या फुलांना लावी, त्यातून आलेले दाणे पेरी, त्या वेलांचेही दाणे पुन्हा पेरी आणि कोणत्या वेलाला कोणत्या रंगाची फुले आली ते मोजत बसे. मोजता मोजता वेलच खाऊन टाकू नयेत म्हणून आधी पोटभर गवत खाऊन येई. "आजोबा, पावटा खायचा सोडून मोजता कशाला?" असे कावळा रोज विचारी. "खरंय रे, बहुधा माझं चुकतच असेल," असे म्हणून कासव पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे.

एके दिवशी तपकिरी सशिणीला चार पिल्ले झाली. त्यांतले एक पांढरेशुभ्र. ससासुद्धा तपकिरीच होता. कोल्हा लगबगीने आला आणि सर्व प्राण्यांसमोर म्हणाला, "हे पिल्लू यांचं नव्हेच! परकं पिल्लू ठेवाल तर जंगलावर संकट येईल. त्याला टेकडीपलीकडे सोडून या." टेकडीपलीकडे कोल्ह्याचेच घर होते, पण घाबरलेल्या प्राण्यांना ते आठवले नाही. सशीण रडू लागली. तेव्हा कासव अडखळत म्हणाले, "मला वाटतं... म्हणजे खात्री नाही... पण या दोघांच्याही आज्या पांढऱ्या होत्या. मी पाहिल्यात. माझ्या पावट्यात तसंच होतं. पांढरा रंग दडून बसतो आणि पुढे कधीतरी पुन्हा उमलतो. साधारण चारांत एक."

"मग पुढच्या वेताला पाहू की!" कोल्हा म्हणाला. तोवर पिल्लू गुबगुबीत होईल, असा त्याने मनाशी हिशेब केला.

महिन्याभराने सशिणीला पुन्हा चार पिल्ले झाली. चारही तपकिरी! कोल्हा हसून हसून लोळला. "चारांत एक म्हणे!" कावळा ओरडला. कासवाने मान, पाय, शेपटी सगळे आत ओढून घेतले. "मी म्हटलं होतं ना, माझं चुकत असेल," असा आतून आवाज आला.

सशिणीने त्याच्या पाठीवर टकटक केले. "आजोबा, तुम्ही वेल किती मोजलेत?"

"नऊशे बावन्न."

"आणि माझी पिल्लं?"

"आठ."

"मग एवढ्यात काय लपून बसता? मला अजून पुष्कळ व्हायची आहेत!"

सगळे प्राणी हसले, आणि हसता हसताच त्यांनी आणखी एका वेताची मुदत दिली. या खेपेला पाच पिल्ले झाली. त्यांतली दोन पांढरी! "परकी पिल्लं एकाच बिळात पुन्हा पुन्हा कशी येतील?" कावळा म्हणाला. "ते काही नाही, आणखी एक वेत पाहू," असे कोणीतरी सुचवताच कोल्हा कळवळून ओरडला, "अजून किती दिवस उपाशी राहू मी?"

सर्वांच्या नजरा आपल्याकडे वळलेल्या पाहून कोल्ह्याने टेकडीकडे धूम ठोकली. सशिणीने त्या पहिल्या पांढऱ्या पिल्लाला कुशीत ओढले.

कासव मात्र अजून चिंतेतच होते. "तेरांत तीन. चौथा भाग म्हणजे सव्वातीन. मग पाव ससा गेला कुठे?"

तात्पर्य : एकदा पाहून जे खोटे वाटते, ते पुष्कळदा पाहावे. आपल्या ज्ञानाविषयी शंका जरूर असावी, पण त्या शंकेपायी मोजणे सोडू नये.