ठकूची कोयती

फार फार वर्षांपूर्वी घाटाखालच्या कुंभवाडीत, रानाच्या कडेला, ठकू लोहारीण एकटी राहायची. झाडावर फांदी तोडताना तिच्या नवऱ्याचा हात निसटला, लांब कोयत्याचं टोक मांडीत घुसलं आणि तो गेला. तेव्हापासून ठकू आखूड कोयतीच घडवायची, टोक पोपटाच्या चोचीसारखं आत वळवलेलं. ती भाता ओढू लागली की रानातले पक्षी गप्प व्हायचे, असं म्हणतात.

लोक हसायचे. "ठकूमावशी, ही कोयती का पोपट?"

"पोपटच रे. पण धन्याला चावत नाही."

दया येऊन एक कोयती सावळ्या गावड्याने घेतली. त्याच वर्षी वादळात ऐनाचं झाड त्याच्या अंगावर कोसळलं. तो उताणा, एकच हात मोकळा. लांब कोयता तिथे फिरलाच नसता. सावळ्याने तीन घावांत ऐन तोडला, असं म्हणतात.

मग पंचक्रोशी ठकूच्या दारात लोटली. कोणी ऐरणीपाशी बसून भाकरी खाल्ली, कोणी सासूची गाऱ्हाणी सांगितली. घराघरांत तिची कोयती गेली आणि दार पुन्हा सुनं झालं. कारण त्या कोयत्या बोथटच होईनात. दोन वर्षं कोणी फिरकलं नाही. ठकू दोन भाकऱ्या थापायची आणि दोन्ही एकटीच खायची.

शेवटी ती वाखाची, घायपाताच्या धाग्यांची, पेंडी घेऊन गावात आली. "कोयत्या आणा गं. मुठीला वाख गुंडाळून देते."

"मावशी, मूठ चांगली आहे की," सावळ्याची बायको भागी म्हणाली. मग तिने ठकूकडे नीट पाहिलं आणि कोयती पुढे केली. "बरं, गुंडाळ. पण आधी बस, पेज घे."

वाख वर्षभरात झिजायचा, की माणसं पुन्हा ठकूकडे. पेंडीतला सगळ्यांत जुना वाख ती मुद्दाम निवडायची, असं म्हणतात. गावाला ते कळायचं. तरी कोयत्या तिच्याकडेच यायच्या.

ठकू गेली त्या सकाळी गावातल्या सगळ्या मुठींचा वाख एकदम सुटून पडला, असं म्हणतात.

आता बाजारात रबरी मुठीच्या कोयत्या मिळतात. कुंभवाडीत त्या खपत नाहीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जो तो आपली चोचीची कोयती घेऊन निघतो. आपली मूठ आपण बांधायची नाही. गावात जो एकटा राहतो, त्याच्याकडे न्यायची. बांधून होईपर्यंत उठायचं नाही. आणि बांधणाराही घाई करत नाही.