साळिंदरदादाची चौकशी

फार मागं, एका दिवशी वारा पडून नुसतं उकडत होतं. साऱ्यांच्या दाण्यांची मडकी ज्या बिळात, तिथं साळिंदरदादा राखणीला होता. येईल त्याला नाव, गाव, आजोबांचं नाव विचारूनच आत सोडायचा.

सातभाई पाखरांना गंमत सुचली. सगळी उत्तरं द्यायची आणि आत न जाता पुन्हा रांगेत उभं राहायचं. दादा प्रत्येकाला नव्यानं विचारी. मागं खारूताई ताटकळली. तिची पिल्लं सकाळपासून उपाशी होती. तिची पाळी येईतो दादा दमून दारातच काटे पसरून झोपला. ती रिकामीच परतली.

जागा झाल्यावर हे कळलं, तेव्हा दादा ओशाळून म्हणाला, "काय माझी अक्कल. सत्तरदा आजोबा विचारले, एकाचंही नाव आठवत नाही. पण दाणा चोरीला गेला नाही हं."

शेजारचं कासव म्हणालं, "चोर आला असता तर बरं होतं, दादा. निदान एखादं मडकं तरी उघडलं असतं."