बांबूच्या पेरातली राणी

फार वर्षांमागे डोंगरउतारावरच्या एका गावात एक बागवान राहत होता. वडिलांनी लावलेली काजूची बाग तो राखायचा. माणूस कष्टाळू, पण धीर म्हणून नाही. चुलीवरचा भातसुद्धा शिजेपर्यंत चारदा झाकण काढून बघायचा.

वडिलांच्या काळी त्या बागेत तांबड्या मुंग्या होत्या. पानाला पान शिवून त्या झाडावर नारळाएवढी घरटी करायच्या. वडील त्यांना राखणदार म्हणायचे. या झाडावरून त्या झाडावर जाता यावं म्हणून त्यांना वेल बांधून द्यायचे. तेव्हा कीड बागेकडे फिरकत नसे.

वडील गेले आणि बाग मुलाच्या हाती आली. त्याला ती घरटी गबाळी वाटली. त्याने चूड पेटवून एकूण एक घरटं जाळलं. बाग लख्ख दिसू लागली. त्याचं बघून शेजाऱ्यांनीही तेच केलं. मग कीड आली. कोवळे शेंडे करपले, मोहोर काळा पडून गळू लागला. वर्षं गेली, बागवानाचे केस पिकले आणि बाग वठत चालली.

एका पावसाळ्यात उघाड पडली असताना त्याला काजूच्या पानाखाली एक मुंगी दिसली. हिरवट, जाड पोटाची, पंख नुकतेच गळालेले. डोंगरमाथ्यावरच्या रानातून उडत आलेली तांबड्या मुंग्यांची राणी! त्याने ती अलगद बांबूच्या पेरात घेतली, तोंडाला कापसाचा बोळा लावला आणि तडक घर गाठलं.

"अगं, बघ काय आणलंय! बाबांची राखणदार!"

बायकोने वाकून पाहिलं. "एकटीच?"

"एकटी असली म्हणून काय झालं? बाग भरेल एवढ्या मुंग्या होतील हिच्यापासून."

"मग ठेवा अंधारात आणि विसरून जा."

त्याला कुठलं विसरायला जमतंय! तो सकाळी बोळा काढून बघायचा, दुपारी गुळाचा खडा आत सारायचा, संध्याकाळी पेर हलवून राणी जिवंत आहे ना याची खात्री करायचा. चौथ्या दिवशी मोहरीहून बारीक अशी पांढरी अंडी दिसली. मग काय, त्याने अर्ध्या गावाला बोलावून ती दाखवली.

आठव्या दिवशी अंडी नव्हती.

"स्वतःचीच अंडी खाल्ली हिने! कसली आई ही?"

"तिला कशाला बोल लावता?" बायको म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीचं दार कोणी दिवसातून दहा वेळा उघडतं का? वर जत्रा भरवलीत. भ्याली ती."

"उपाशी मरेल म्हणून गूळ घातला गं."

"मागितला होता तिने? पंख गळाले तरी त्यांचं बळ तिच्या अंगात असतं. त्यावरच ती पहिली पोरं वाढवते. मामंजींनी सांगितलं होतं मला. तुम्ही त्यांच्याजवळ ऐकायला कधी बसलात?"

बागवानाने पेराचा बोळा घट्ट बसवला. अंगातलं बळ राणीने एकदा वाया घालवलं होतं. आता जेमतेम एका खेपेपुरतं उरलं असेल. ही गेली, तर दुसरी मिळेल याचा भरवसा नव्हता. आणि त्याचंही वय झालं होतं.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"महिना."

त्याने पेर माळ्यावर, बारदानाखाली ठेवलं आणि खाली उतरला.

ते दिवस जाता जाईनात. रिकामा बसला की त्याला वडील आठवायचे. वेल बांधून झाला की ते झाडाखाली कितीतरी वेळ नुसते उभे राहायचे. लहानपणी त्याला वाटायचं, काम पडलंय आणि बाबा असे रिकामे का उभे? आता माळ्याकडे न बघता ओट्यावर बसताना त्याला कळलं की तेही कामच होतं, आणि सोपं नव्हतं.

विसाव्या दिवशी त्याच्याच्याने राहवेना. मेली असेल तर? त्याने माळ्यावर चढून पेर हातात घेतलं. कानाला लावलं. काही ऐकू येईना. बोट बोळ्यावर गेलं. खाली भाकरी थापणाऱ्या बायकोचा हात थांबला.

बराच वेळ गेला. मग त्याने पेर होतं तसं बारदानाखाली सारलं आणि शिडी उतरून आला.

"वाढ जेवायला," तो म्हणाला.

महिना भरला. दोघं बागेत गेली. त्याने पेर एका झाडाच्या बेचक्यात बांधलं आणि बोळा काढला. बराच वेळ काहीच नाही. मग एक इवलीशी, फिकट तांबडी मुंगी बाहेर आली. तिच्यामागे दुसरी. पहिली त्याच्या अंगठ्यावर चढली आणि कडकडून चावली.

"चावली! अगं, चावली मला!"

"दुखलं का हो?" बायको हसू दाबत म्हणाली.

"चाळीस वर्षांनी चावली," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मुंगी आपण होऊन पानावर उतरेपर्यंत त्याने हात हलवला नाही.

तात्पर्य: वाढणाऱ्या जिवाला निवारा द्यावा आणि बाजूला व्हावं. सारखं उघडून बघणं म्हणजे माया नव्हे.