सात पिढ्यांचं विरजण

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका लहानशा गावात एक माळीण राहत होती आणि तिच्या शेजारी एक कुंभारीण. दोन्ही घरांच्या मध्ये कुंपण होतं आणि कुंपणात एक भगदाड होतं. ते बुजवायचं असं दोघींचे नवरे दर वर्षी ठरवत आणि दर वर्षी विसरत, कारण दोन्ही घरांचं सगळं येणंजाणं त्याच वाटेनं होतं. वांगी इकडून तिकडे जायची, पणत्या तिकडून इकडे यायच्या. सकाळी भांडण झालं तर ते संध्याकाळच्या आत मिटायचं, कारण स्वयंपाकाच्या वेळी कुणाला तरी कोथिंबीर लागायचीच.

माळीण मनानं चांगली होती. तिच्या घरचं दही गावात नावाजलेलं होतं, आणि गाव जेवढं नावाजायचं त्याच्या दुप्पट ती स्वतः नावाजायची. दही होतंही तसंच. गाडगं उपडं केलं तरी हलू नये इतकं घट्ट.

"सात पिढ्यांचं विरजण आहे आमचं," ती सांगायची. "रोज चमचाभर बोळक्यात काढून ठेवायचं आणि त्यानंच पुढचं दूध लावायचं. सात पिढ्यांत एका दिवसाचा खंड नाही."

कुणी नवी सून वाटी घेऊन दारात आली, तर माळीण तिला पोटभर दही खाऊ घाली. विरजण मात्र देत नसे. "आमचं विरजण उंबरा ओलांडत नाही," हे ती इतक्या वेळा म्हणाली होती, की गावातली पोरं खेळतानासुद्धा ते म्हणत.

माळीण सून होऊन आल्यापासून या विरजणापायी माळ्याच्या घरचं कुणी कधी गावाला गेलं नव्हतं. माळ्याची बहीण समुद्राकाठी दिली होती. दर उन्हाळ्यात तिचं बोलावणं यायचं, दर उन्हाळ्यात पोरं गाडीत चढून बसायची आणि दर उन्हाळ्यात माळीण विचारायची, "आणि विरजणाचं काय?" मग पोरं गाडीतून उतरायची.

एका वर्षी मात्र म्हातारी सासू हट्टाला पेटली. ती म्हणाली, "हे बघ सूनबाई, समुद्र न बघता मेले, तर भूत होऊन तुझ्या दह्याच्या गाडग्यात बसेन."

या धमकीचा परिणाम झाला. माळणीनं बोळकं उचललं, जीव मुठीत धरला आणि भगदाडातून कुंभारणीकडे गेली. म्हशीची धारही आठ दिवस कुंभारणीनंच काढायची होती.

"दूध आमच्याच म्हशीचं घे," माळणीनं बजावलं. "कोमट घे, कढत नको. गाडगं आमचंच वापर. आधी चमचाभर बोळक्यात काढायचं आणि मगच कुणाच्या ताटात वाढायचं. आणि मांजराला फिरकू देऊ नकोस."

"अगं, दही ठेवून चालली आहेस की लेकरू?" कुंभारीण हसली.

"लेकरू असतं तर एवढं सांगितलं नसतं. भूक लागली की ते रडतं तरी," माळीण म्हणाली.

दोन दिवसांची वाट तुडवून माळ्याची गाडी समुद्रावर पोहोचली. पोरं लाटांत शिरली. माळ्यानं धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं. म्हातारी तर पाण्यात बसूनच राहिली आणि लाट आली की लहान पोरीसारखी ओरडू लागली. माळीण तेवढी काठावर उभी होती.

"काय गं, कसा आहे समुद्र?" माळ्यानं विचारलं.

"मोठा आहे," माळीण म्हणाली. "अहो, कुंभारीण झाकण नीट ठेवत असेल ना?"

नणंदेनं मोठ्या हौसेनं जेवायला वाढलं. माळणीनं दह्याला बोट लावलं आणि नाक मुरडलं. समुद्रावरचे दिवस तिनं असे घरी असल्यासारखेच काढले.

इकडे गावात मात्र व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या गावाची एक रीत होती. उन्हाळ्यात दारावरून जाणाऱ्या वाटसरूला ताक पाजल्याशिवाय सोडत नसत. चौथ्या दिवशी कुंभारीण माती आणायला नदीवर गेली असताना बारा गाडीवान दारात आले. कुंभार उदार माणूस. त्यानं सगळ्यांना बसवलं आणि ताक घुसळलं, पण नवव्या गाडीवानापाशीच ताक संपलं. तेवढ्यात त्याला फडताळातलं माळणीचं गाडगं दिसलं आणि शेजारचं बोळकंही दिसलं. त्यानं दोन्ही रवीखाली रिकामी केली.

कुंभारीण परत आली, तेव्हा बोळकं उन्हात उपडं वाळत होतं.

"बारा जणांना पाजलं!" कुंभार अभिमानानं म्हणाला. "भांडीसुद्धा धुऊन ठेवली आहेत."

कुंभारणीनं मातीची पाटी तिथंच टाकली. "अहो, सात पिढ्या पाजल्यात तुम्ही त्यांना!"

पण बोलून काय उपयोग? गाडीवान केव्हाच पुढच्या गावाला गेले होते. विरजण मागायला जावं, तर माळणीचं विरजण माळणीशिवाय कुणाकडे होतं? शेवटी तिनं स्वतःच्या घरचं, विरजणासाठी शिंक्यात टांगून ठेवलेलं चमचाभर दही घेतलं. तिची गाय आटत आलेली आणि घरात खाणारी तोंडं सात, त्यामुळे दुधात पाणी घालावं लागे आणि दही पातळच होई. तिनं ते दही माळणीच्या म्हशीच्या दुधाला लावलं. सकाळी दही घट्ट लागलं होतं. पण माळणीची जीभ फसायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

माळ्याची गाडी परत आली. माळीण घरातसुद्धा न शिरता थेट भगदाडातून आली. तिनं गाडग्यात बोट बुडवलं आणि चाखून डोळे मिटले.

"हीच!" माळीण म्हणाली. "हीच ती चव! बाई गं, तू होतीस म्हणून माझ्या घराचं नाव राहिलं."

कुंभारणीच्या ओठांवर खरं आलं होतं, पण ते तिथंच राहिलं. खरं बोलायची एक वेळ असते. ती टळली की तेच खरं रोज थोडं थोडं जड होत जातं.

माळीण गावभर तिचं कौतुक करू लागली. पाणवठ्यावर, बाजारात, देवळात, जिथं तिथं तेच. प्रत्येक कौतुक कुंभारणीला काट्यासारखं टोचू लागलं. ती माळणीची नजर चुकवू लागली. मग भगदाडातून जाणं बंद झालं. कोथिंबीर नसली तर ती तशीच आमटी करू लागली.

माळणीनं पंधरा दिवस वाट पाहिली. सोळाव्या दिवशी ती म्हणाली, "आठ दिवस दही काय सांभाळलं, शेफारूनच गेली." तिनं बाभळीच्या फांद्या आणल्या आणि भगदाड बुजवून टाकलं. दोघींच्या नवऱ्यांना जे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं, ते एका दुपारी झालं.

कुंभारणीला ते काटे दिसले आणि ती खरोखर घाबरली. दही गेलं ते गेलं, पण आता मैत्रीण चालली होती. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. सकाळी ती गावाला वळसा घालून, परक्यासारखी पुढच्या दारानं माळणीकडे गेली. उंबऱ्यातच उभं राहून तिनं सगळं सांगून टाकलं. गाडीवान, ताक, उन्हात वाळणारं बोळकं आणि स्वतःच्या घरचं ते चमचाभर दही, काहीच लपवलं नाही.

"माझं चुकलं," ती रडत म्हणाली. "चुकलं ते चुकलंच, वर तोंड लपवून बसले. मला हवं ते बोल, पण बोल."

माळीण बोललीच. "सात पिढ्या!" ती ओरडली. "सात पिढ्यांचं विरजण तू गाडीवानांच्या घशात घातलंस आणि वर मला तुझं पाणचट दही चाखायला दिलंस? मी गावभर तुझी आरती ओवाळत फिरले!"

कोपऱ्यात म्हातारी सासू शेंगा सोलत बसली होती. ती खुदकन हसली.

"हसता काय आत्याबाई?" माळीण म्हणाली. "घराचं नाव बुडालं!"

"ते माझ्याच हातून बुडालंय, सूनबाई," म्हातारी म्हणाली. "मी नवी नवरी होते. माझी सासू आठ दिवस लेकीकडे गेली आणि मी सगळं दही भाकरीबरोबर खाऊन टाकलं. बोळक्यातलंसुद्धा. नव्या नवरीला भूक फार लागते बाई! मग रडत कुंपणापाशी गेले. दिवेलागण झाली होती. तिन्हीसांजेनंतर कुणी कुणाला दही देत नाही. पण हिच्या सासूनं दिलं. वाटीभर. आणि मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही."

माळणीनं कुंभारणीकडे पाहिलं. "म्हणजे आपलं विरजण..."

"हिच्याच घरचं. आता पुन्हा तिकडूनच आलंय, म्हणून तर तुला चव ओळखू आली. दाटपणा म्हणशील, तर तो म्हशीला विचार."

"मग इतकी वर्षं मी सात पिढ्या, सात पिढ्या म्हणत होते, तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

"तू म्हणायचीस तेव्हा ऐकायला बरं वाटायचं गं," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

माळणीला फार लाज वाटली. दह्याची तर वाटलीच, पण बाभळीच्या फांद्यांची जास्त वाटली. मग ती कुणालाही न बोलावता कुंपणापाशी गेली आणि एकेक फांदी स्वतःच्या हातांनी ओढून काढू लागली. कुंभारीण वळसा घालून आपल्या अंगणात गेली आणि पलीकडून ओढू लागली. दोघींचे हात ओरबाडले. भगदाड आधी होतं त्याहून जरा मोठंच झालं.

त्या दिवसापासून माळणीच्या दारात वाटी घेऊन आलेली बाई रिकामी गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही घरं मिळून समुद्रावर गेली आणि विरजण राखायला मागे कुणीच राहिलं नाही. माळीण गुडघाभर पाण्यात उभी राहून इतकी हसली, की नणंदेनं ही तीच वहिनी का म्हणून नवऱ्याला विचारलं. परत आल्यावर तिनं समोर दिसलेल्या पहिल्या घरातून चमचाभर दही मागून घेतलं, दूध लावलं आणि प्रवासानं दमली होती म्हणून स्वस्थ झोपी गेली.

तात्पर्य : आपलं म्हणून आपण जे मिरवतो, त्यात शेजाऱ्याची एक वाटी असतेच.